ऐंशी रकान्यांतली आजी

आमच्या व्यंकटकाकांना आईचं वेड लागलंय, असं सास्तुरात सगळे म्हणतात. मला चीड यायची, म्हणणाऱ्यांची आणि काकांचीही. त्र्याण्णवच्या भूकंपात आजी, म्हाळसाबाई, घराखाली गेली आणि तिचा एकच फोटो होता, तोही गेला. काका तेव्हा वीस वर्षांचे. पुढं पुनर्वसनाच्या कचेरीत ते कॉम्प्युटरवर घरांच्या याद्या टाइप करायचे. जेवणाच्या सुट्टीत काळ्या पडद्यावर एका ओळीत मावणाऱ्या ऐंशी रकान्यांत भरीव, अर्धे, ठिपक्यांचे चौकोन टाइप करून त्यांनी आईचा चेहरा काढला, लाल कुंकवासकट. चार महिने लागले.

ती फाईल फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर त्यांनी जिवापाड जपली. पण नव्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता परक्या अक्षरांचा चिखल.

"दीपाली, तू पुण्यात हेच काम करतीस न्हवं? मग माज्या आईला उघडून दे. मोठी करून भिताडाला लावायचीय."

मी लॅपटॉपच्या टर्मिनलला, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या काळ्या खिडकीला, जुनी अक्षरं कुठल्या तक्त्यातून वाचायची ते सांगितलं. चौकोन आले, पण चेहरा लांबुळका आणि ओळीओळीत फटी.

"माजी आई काय फटीतनं बघत न्हवती!" काका खेकसले.

आणखी एक दिवस खपले. जुन्या वळणाचा फॉन्ट घातला, रुंदी बरोब्बर ऐंशीवर आणली, आणि चेहरा उभा राहिला. काका ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी कस्तुराबाईला बोलावलं. ती आजीची धाकटी बहीण. काकांशिवाय आजीला जवळून पाहिलेलं घरात आता तेवढंच माणूस उरलंय. तिनं पडद्याला नाक लावून बघितलं.

"ही आमची आक्का न्हाय. व्यंकट, हे तर तूच हायस की, कुकू लावलेला."

मी काकांकडं बघितलं. तेच रुंद कपाळ, तोच हनुवटीवरचा खळगा.

काका म्हणाले, "त्या काळ्या काचंत माजंच त्वांड दिसायचं." मग लहान पोरासारखं विचारलं, "मावशी, तिचं नाक कसं हुतं?"

कस्तुराबाईनं हात स्वतःच्या नाकापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"असं न्हवतं, एवढंच ठावं हाय."

"कर बंद," काका मला म्हणाले.

मी बंद केलं. माझ्या हुशारीची मला इतकी चीड कधीच आली नव्हती. त्या चिखलात निदान आजी तरी होती.