माइक चालू हवा

त्याला सगळे गिरक्या म्हणत. पाच पोरांच्या त्या बँडमध्ये गोड गळा एकाचा, गाणी दुसऱ्याची, केस तिसऱ्याचे आणि लाडिक हसू चौथ्याचं. पाचवा हा. एका पायावर सलग तीन गिरक्या घेणं, एवढ्या भांडवलावर त्याने चार वर्षं मुलींच्या वह्यांच्या कव्हरवर काढली. त्याचा माइक मात्र बंद असायचा. गिरकी घेताना धाप ऐकू येते, असं मॅनेजरने समजावलं होतं. गिरक्याला ते पटलं. वयच तसं होतं.

पुढे गोड गळ्याला एकट्याने मोठं व्हायचं होतं, म्हणून बँड फुटला. मग गिरक्यानेही स्वतःचा अल्बम काढला. तो आईने मनापासून ऐकला, आणि भिंत पातळ असल्यामुळे शेजाऱ्यांनीही. नंतर टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत तो सेलिब्रिटी म्हणून गेला आणि पहिल्याच आठवड्यात सर्वसामान्य माणूस होऊन, गुडघा दुखावून घरी आला. इस्पितळात उपचार घेता घेता त्याला फिजिओथेरपीचीच गोडी लागली. तो चक्क अभ्यासाला बसला आणि पासही झाला. घरचे अजून त्यातून सावरलेले नाहीत. त्याच इस्पितळात त्याला नोकरी लागली. एक्स-रे काढणारीशी लग्न झालं. तिने त्यांच्या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. संसार टिकला तो बहुधा त्यामुळेच.

वीस वर्षांनी मॅनेजरचा फोन आला. पाचही जणांचा एकच कार्यक्रम. गिरक्याने एकच अट घातली, माइक चालू हवा. मॅनेजरने दोनदा विचारलं, नक्की ना? मग हो म्हणाला.

सभागृह भरलं. गिरकी अर्धीच जमली, पण समोरच्या बायकांनी मोठ्या मनाने ती पूर्ण धरली. मग त्याचं कडवं आलं. पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतले मोबाइल खाली आले. दुसरीला गोड गळा दोन पावलं लांब सरकला. तिसरीला गिरक्या स्वतःच थांबला. स्टुडिओत डागडुजी न झालेला आपला आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

 परतताना गाडीत त्याने बायकोला विचारलं, "खरं सांग, कसं झालं?"

"तुमचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता रे," ती म्हणाली.

तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

सोमवारी त्याच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. गुडघा नवा होता, पायऱ्यांची भीती जुनी. त्याने कोपराला आधार दिला आणि आकडे मोजत त्यांना चार पायऱ्या चढवलं. बाईंनी वळून खाली पाहिलं.

"उद्या पाच," त्या म्हणाल्या.