सव्वा मुठीचे रोट

धरणात गाव गेलं, तेव्हा कानबाईचा, आमच्या खानदेशातल्या कुळदेवीचा, पूजेतला नारळ मांडीवर घेऊन मी ट्रकमध्ये बसले होते. पण नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात आल्यावर तिला हात जोडायला मन होईना. जिला स्वतःचं घर राखता आलं नाही ती माझं काय राखणार, असं मी तिला तोंडावर म्हणालेही. दमले होते मी. टाकीवर पाण्यासाठी ताटकळून, दर वेळी नव्या साहेबाला बुडालेल्या गावाचं नाव सांगून.

तरी श्रावण आला आणि कानबाई बसवायची म्हणून मी रोटांचे, तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढले. घरातल्या माणसामागे सव्वा मूठ घ्यायची. थोरले दीर, धाकटे दीर, सुना, नातवंडं, एकेकाचं नाव घेत मी सवयीने मुठी टाकत गेले. दळण आणल्यावर ध्यानात आलं, यातलं इथे कुणीच नाही. कुणी दोंडाईच्याला, कुणी सुरतेला; कामाचा खाडा करता येत नाही, असा निरोपही येऊन गेला होता. खाणारे आम्ही दोघं नवराबायको. हे रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, टाकत तर नाहीतच, आणि पुनवेच्या आत संपवावे लागतात. डब्याशी बसून मी रडले.

तेवढ्यात मागच्या गल्लीतली अक्का काडेपेटी मागायला आली. दुसऱ्या बुडालेल्या गावची, टाकीवर माझ्याशी दोनदा भांडलेली. तिला सगळं सांगितलं. ती खाली बसली. घाईत तिचा कानबाईचा नारळ घरातच राहिला आणि पाण्यात गेला होता, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुझे रोट आम्ही संपवू, असं ती म्हणाली तेव्हा मी चाचरत म्हटलं, रोट भाऊबंदांचेच असतात.

"आपन बठ्ठ्या एकच पानीमा बुडनूत, बाई," ती म्हणाली, "मंग भाऊबंद दुसरं कोन शे?"

ती आणखी चौघींना घेऊन आली. रविवारी कानबाई बसवली; त्यांनी माझ्याबरोबर रोट केले, आरती म्हटली. सोमवारी विसर्जनाला कानबाईला घेऊन आम्ही त्याच धरणावर गेलो. त्या पाण्याकडे मी तोवर पाठ करूनच होते. अक्काने माझा दंड धरला आणि दोघींनी मिळून रीतीप्रमाणे नारळ पाण्यात बुडवून घरी न्यायला परत घेतला.

पुनवेच्या आत एक तुकडाही उरला नाही. चमत्कार म्हणा, नका म्हणू. मुठी मी टाकल्या, पण किती टाकायच्या ते कानबाईला ठाऊक होतं, एवढं मी मानते. तिला बोलले त्याची माफी मागितली.

परवा टाकीवर अक्का पुन्हा नंबरावरून भांडली. मी मुकाट्याने माझा हंडा मागे घेतला.