तांब्याच्या घागरीतले मासे

नारू झालेली माणसं आता कुणाला आठवत नाहीत. सत्तरच्या दशकात निपाणीजवळच्या आमच्या वस्तीत ती घरटी एक होती. घोट्यावर फोड यायचा, फुटायचा आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय सडायचा. आईचा तुटला होता. डावा गुडघा वाकेनासा झाला. उजव्याच्या जोरावर ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची.

विहीर पायऱ्यांची होती. सगळे पाण्यात उतरून घागर बुडवत. पायातल्या नारूची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते किडे आपण पितो, मासे असले तर ते किडे खातात, असं आरोग्य खात्याच्या माणसानं सांगितलं. माझे वडील, आप्पा, नदीवरून मडकंभर मासे घेऊन आले.

"विहिरीत कालवण पोसताय व्हय?" शेजारची म्हातारी म्हणाली.

"नारू पोसण्यापरीस बरं," आप्पा म्हणाले.

प्यालेला नारू वर्षानं बाहेर येतो, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात फरक दिसला नाही. पुढचे दोन उन्हाळे एकही निघाला नाही.

मग जत्रा आली. पाहुणे येणार म्हणून आधी विहीर उपसायची रीत होती. आप्पा कामावर जाताना मला म्हणाले, "मासं काढून ठेव, आणि पाणी भरलं की सोड." मी चौदा वर्षांची होते. जत्रेसाठी चिंच लावून घासलेली तांब्याची घागर घरात सगळ्यात स्वच्छ होती, म्हणून मी त्यांना तिच्यात ठेवलं. घासलेलं तांबं माशांना विषासारखं असतं, हे मला ठाऊक नव्हतं; दुपारपर्यंत सगळे उताणे झाले. मी ते उकिरड्यावर ओतून वर राख लोटली.

"सोडलंस न्हवं गं?" संध्याकाळी आप्पांनी विचारलं.

"व्हय."

जत्रेच्या दिवशी परगावचा एक पाहुणा पायातल्या नारूवरची चिंधी सोडून पायरीवर बसला होता, घोट्यापर्यंत पाण्यात. मी पाहिलं. काही बोलले असते तर माशांचं निघालं असतं. मी घागर भरून घरी आले. आई त्यातलंच पाणी प्याली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या घोट्यावर फोड आला. काडीला गुंडाळायचं काम माझ्याकडे. ती शिव्या द्यायची, पण नारूला. बाराव्या दिवशी तो माझ्या हातून तुटला. आई पुन्हा वखारीत गेली नाही.

आप्पा परत मासे आणायला नदीवर निघाले. मी मडकं पुढं केलं.

"घागर दे की. मडकं फुटतंय वाटंत."

"मडकंच न्या."

ते घागरीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मडकं उचललं आणि गेले.