फोटोतून पुसलेले भेरूजी

जागेचं नाव मी इथे लिहिणार नाही. इंदूरहून गाडीने दीड तास, घाट उतरण्याच्या अलीकडे, एवढंच सांगते. ते नाव मी एकदा लिहिलं होतं, एका फोटोखाली. तो फोटो अजून फिरतो आहे.

फोटो ताईच्या पेजवर होता. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, बँकेत नोकरीला. आठवडाभर ती काउंटरच्या मागे बसते आणि रविवारी पेज चालवते: इंदूरच्या आसपास गाडी कुठे थांबवायची, कुठल्या वळणावर धुकं चांगलं मिळतं, कुठे उभं राहिलं की फोटोत विजेचे खांब येत नाहीत. फोटोत ती असते. फोटो मी काढते. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती. घरच्या लग्नांत माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं, की हातात कॅमेरा असला तर कोणी आपल्याला जवळ बसवून प्रश्न विचारत नाही.

आमचा एक नियम होता. मी 'तीन' म्हटलं की त्यानंतर कोणी बोलायचं नाही. ताईला व्हिडिओत खरा आवाज लागायचा, पाण्याचा, वाऱ्याचा, पाखरांचा. गाणं लावलेले व्हिडिओ तिला आवडत नाहीत. एकदा सांवेरकडे सोयाबीनच्या शेताच्या बांधावर ती मागे मागे सरकत होती आणि माझ्या तोंडून "सांभाळून" निघून गेलं. सगळा व्हिडिओ वाया गेला.

"आली माझी आई," ताई म्हणाली. "अगं यार, एक तर तू वर्षातून दोनदा बोलतेस, आणि ते पण रेकॉर्डिंग चालू असताना!"

मी हसले. खरं म्हणजे तो नियम मला मनापासून आवडायचा. गप्प राहणं हे माझं कामच होतं.

त्या जागी आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैच्या शेवटी. वरून एक ओढा येतो आणि कड्यावरून खाली पडतो. कड्याच्या थोडं अलीकडे, पाण्याच्या मधोमध, एक काळा सपाट खडक आहे, दोन पलंग मावतील एवढा. काठावरून चार दगडांवर पाय देत तिथे जाता येतं. त्या खडकावर माणूस उभं केलं आणि कॅमेरा जमिनीलगत ठेवला की कडा दिसत नाही. ओढा पुढे थेट आभाळात गेल्यासारखा वाटतो. मला ते पहिल्या फ्रेममध्येच दिसलं.

काठावर एक बाई शेगडीवर भुट्टे भाजत बसली होती. ताई खडकाकडे निघाली तशी ती हातातल्या पंख्याने काठाकडे दाखवत म्हणाली, "बेन, भेरूजी का पग धुपी जाय तो वठे मत बेठजो."

पाण्याच्या कडेला हातभर उंचीचा एक दगड होता, शेंदराने माखलेला, डोळ्यांच्या जागी चकचकीत पन्नीचे, म्हणजे चंदेरी कागदाचे, तुकडे. माळव्यात गावोगाव असे भेरूजी, म्हणजे आपले भैरोबा, असतात. बाईचं म्हणणं असं, की पाणी भेरूजींच्या पायाला लागलं की खडकावर थांबायचं नाही. वर पाऊस पडला तर इथे ऊन असतानाही पाणी चढतं, आणि ते आधी तिथे कळतं.

"हाँ हाँ, माँजी," ताई मागे न बघता म्हणाली. तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. त्या दिवशी भेरूजी कोरडे होते, दगडापासून पाणी चांगलं चार हात लांब होतं, म्हणून मीही पुढे काही बोलले नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी, सुदामा नगरात आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आम्ही फोटो निवडायला बसलो. ताईच्या अंगावर पिस्ता रंगाचा कुर्ता होता, बाकी सगळं काळं आणि हिरवं. डावीकडे खाली तो शेंदरी ठिपका.

"हे ऑरेंज काय आहे? सारखी नजर तिकडेच जाते," ताई म्हणाली. "काढून टाक ना."

मी बोटाने दगडाभोवती गोल काढला. फोनने जरा विचार केला आणि तिथे पाणी आणि गवत भरून दिलं. जोड कुठेच दिसत नव्हता. अशा कामात माझा हात चांगला आहे.

आई कोथिंबीर निवडत होती. तिने वाकून पाहिलं. "देवालाच पुसलंत काय गं?"

"मावशी, देव तिथेच आहेत. फक्त फोटोतून सुट्टीवर," ताई म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. आई हसली नाही. कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत राहिली.

तो दगड कशासाठी आहे हे मी त्याच वेळी ताईला सांगायला हवं होतं. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण तोवर ती फोटोखाली काय लिहायचं त्यावर गेली होती, आणि चाललेल्या बोलण्यात आपलं वाक्य घुसवणं मला कधी जमलेलं नाही. जागेचं नाव आणि नकाशावरची खूण मी टाकली.

आमचा तोच फोटो सगळ्यात जास्त चालला. लोकांनी तो साठवून ठेवला, मित्रांना पाठवला, दुसऱ्या पेजेसनी उचलला. महिनाभर मी तो रोज बघत होते. स्वतःचं काम आवडलं की मी ते कोणाला दाखवत नाही, एकटीच बघत बसते.

सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही परत गेलो, या वेळी व्हिडिओसाठी. जुलैत जिथे आमची एकटी गाडी होती तिथे आता मोटरसायकलींची रांग होती. ताई खूश झाली. "बघ, आपल्यामुळे आलेत सगळे." मला ते वाक्य ऐकताना बरं वाटलं नाही. का, ते माहीत नव्हतं.

दुपारचे बारा वाजत आले होते. डोक्यावर लख्ख ऊन. ओढा जिकडून येतो त्या बाजूला, झाडांच्या वर, ढगांची एक गडद निळी पट्टी होती. भुट्टेवाली बाई दोन्ही हातांनी शेगडी उचलून चढावर नेत होती. विक्री आटोपली असेल, असं मला वाटलं. मग ती परत खाली आली आणि टोपली घेऊन गेली. टोपली कणसांनी भरलेली होती.

मी ट्रायपॉड लावत होते तेव्हा एक जोडपं जवळ आलं. नवीन लग्न झालेलं असावं, मुलीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या. नवऱ्याने फोन माझ्यासमोर धरला. त्यावर मीच काढलेला फोटो.

"दीदी, ये वाला कहाँ खड़े होकर लिया है? बता दो ना."

तो माझा आहे हे मी सांगितलं नाही. नुसतं बोट करून खडक दाखवला.

"तेरे को बोला था ना, यही है," तो बायकोला म्हणाला, आणि दोघं चार दगड ओलांडून गेली. तिसऱ्या दगडावरून पाणी वाहत होतं. मुलीने सँडल हातात घेतल्या. त्यांच्यामागे ताई गेली. ती दोघं एका कोपऱ्यात सरकली, ताई मधे उभी राहिली, ओढा येतो त्या बाजूला पाठ, तोंड आभाळाकडे. तिने हात वर केला. मी म्हटलं, "एक, दोन, तीन."

मग मी गप्प.

आधी रंग बदलला. पाणी काचेसारखं होतं ते चहासारखं झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते सुंदर दिसत होतं, हेही सांगायला हवं. मग काटक्या आल्या, फेसाचे गोळे आले, हिरवी पानं आली, आणि एक अख्खं सोयाबीनचं रोप मुळांसकट ताईच्या खडकाला घासून पुढे गेलं. वर कुठल्यातरी शेतातून ते निघालं होतं. पलीकडे कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज जाडसर झाला होता. इतक्या हळूहळू, की आवाज बदलला की माझे कान, ते मला ठरवता येईना.

तेव्हा मला भेरूजी आठवले. मी पडद्यावरून डोळे उचलले आणि काठावर तो दगड शोधू लागले.

तो मला सापडेना.

पाणी चढलं म्हणून दिसत नाही, हे मला पहिल्याने सुचलंच नाही. मला वाटलं, मी चुकीच्या जागी बघते आहे. महिनाभर मी तो काठ रोज पाहिला होता, भेरूजी नसलेला. माझ्या डोळ्यांना तो तसाच पाठ झाला होता. झाडापासून किती अंतरावर होता, गवताच्या अलीकडे की पलीकडे, मला काही म्हणजे काही आठवेना. मी तो इतका नीट पुसला होता. मग एके ठिकाणी पाणी किंचित फुगून दोन बाजूंना वाटलं जात होतं, आणि त्याच्या आत, चहाच्या रंगाखाली, पन्नी चमकली. पाय नाही, डोळे. भेरूजी डोळ्यांपर्यंत बुडाले होते.

"ताई!" मी ओरडले. "ताई, ये! आत्ता ये!"

ताईने न वळता हाताने खूण केली, चालू ठेव. मी पुन्हा ओरडले. या वेळी ती चिडून वळली, आणि वळल्यामुळे तिला पाणी दिसलं. ती सरळ उतरली. तिसरा दगड आता दिसतच नव्हता. ती गुडघाभर पाण्यात उतरून, हातांनी पाणी ढकलत काठाला आली.

ती दोघं मात्र खडकावरच होती. नवरा फोन उंच धरून बायकोला म्हणत होता, "अरे स्माइल तो कर." मी इतका वेळ मराठीत ओरडत होते. त्यांच्यासाठी ते कोणीतरी आपल्या बहिणीला हाक मारत होतं.

"भैया, निकलो! पानी आ रहा है, निकलो!"

मुलीने ऐकलं. ती लगेच निघाली, आणि ताईने पुन्हा पाण्यात पाय टाकून तिचा हात पकडला. नवऱ्याने मात्र आधी फोन खिशात घातला, मग तिच्या सँडल उचलायला वाकला. तेवढ्यात खडकावरून पाण्याचा एक पातळ थर सरकत गेला, कोणी फरशी पुसावी तसा. नवरा दुसऱ्या दगडापर्यंत आला आणि थांबला. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं. त्याच्या मागे वीसेक पावलांवर ओढा आभाळात संपत होता, फोटोत संपतो तसाच.

मी ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट उचलला आणि त्याच्याकडे धरला. त्याने एक पाय पकडला. ट्रायपॉडचे पाय आत-बाहेर सरकतात, हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्याने ओढलं तसा तो पाय सरकन लांब होत गेला आणि त्या पायासोबत नवराही मागे जाऊ लागला. मग तो पाय शेवटाला जाऊन अडकला. ताईने मला कमरेला धरलं, ताईला त्या मुलीने, आणि कोणाकोणाचे हात आले. तो बाहेर आला तेव्हा दात वाजत होते, आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "फोटो में तो इतना-सा पानी था."

चढावर भुट्टेवाली बाई उभी होती. तिचं सांगून झालं होतं, जुलैतच.

परत येताना ताई गाडी चालवत होती. सिमरोल मागे पडल्यावर ती म्हणाली, "तुला माहीत होतं ना? त्या दगडाचं."

"हो."

"मग मला काढू कशाला दिलंस?"

काढलं मी होतं, पण तिने तसं म्हटलं नाही.

कॅमेरा त्या सगळ्या वेळात चालू होता. घरी आल्यावर मी ते रेकॉर्डिंग एकदाच पाहिलं. माझी 'ताई' ही पहिली हाक आणि 'भैया' ही हाक, यांच्यामध्ये अकरा सेकंद आहेत. एवढा वेळ ती दोघं माझ्यासाठी तिथे नव्हतीच.

ताईने तो फोटो त्याच संध्याकाळी पेजवरून काढला. पण दुसऱ्या पेजेसवर तो आहेच. इंदूरजवळच्या लपलेल्या जागांच्या याद्यांमध्ये तो पहिला असतो. मी एकेकाला लिहिते, हा फोटो काढून टाका, तिथे धोका आहे. अनोळखी माणसांना आपणहून लिहिणं मी आयुष्यात केलेलं नाही. काहीजण उत्तरात लाल बदाम पाठवतात. मग मी मूळ फोटो शोधून काढला, भेरूजी असलेला, त्याखाली पाण्याचं सगळं लिहिलं आणि ताईच्या पेजवर टाकला. जागेचं नाव टाकलं नाही. नाव आता कोणाला विचारावं लागत नाही.

काल, शनिवारी, रात्री उशिरा एका मुलीचा मेसेज आला होता, तो मी आज उठल्यावर वाचला. चारजणी आहेत, रविवारी सकाळी निघताहेत, त्या खडकावर ग्रुप फोटो काढायचा आहे. खाली तिने विचारलं होतं, "दीदी, ये ऑरेंज पत्थर एडिट करके डाला है ना? ओरिजिनल में तो नहीं था."

मी लगेच उत्तर लिहिलं, लांबलचक, हिंदीत. पत्थर सच में है. वहाँ मत जाना.

आज सकाळी आमच्या गच्चीवर छान ऊन आहे. आईने पापड वाळत घातलेत. घाटाच्या बाजूला, घरांच्या वर, ती निळी पट्टी आहे. मेसेजच्या खाली एकच टिक दिसते, म्हणजे तो अजून पोचलेला नाही. त्या भागात रेंज नसते. मी तिला फोन लावते आहे, सहाव्यांदा.