चार बोटं आखूड

जवसाच्या तेलाचा वास आला की मला आमच्या कासुर्डीच्या मळ्यातली ती सकाळ आठवते. तुमच्या आजोबांनी मोडक्या नांगराच्या बाभळीच्या लाकडातून छऱ्याच्या बंदुकीला नवा दस्ता घडवला होता. तीन महिने घासून, तेल पाजून त्यांनी तो खांद्याला लावला, तर चार बोटं आखूड! शेजारचे आप्पा हसले, "दादा, बंदूक हाय का लाटणं?" आजोबांचा चेहरा पार उतरला. मी बंदूक उचलली, तर माझ्या खांद्याला ती नेमकी बसली आणि दुसऱ्याच छऱ्याला बांधावरचा डबा खणकन पडला. आप्पा म्हणाले, "वहिनीचंच माप घेतलं व्हतं व्हय?" आजोबा लगेच म्हणाले, "मग! दुसऱ्या कुणाचं?" ती थाप मी कधी उघडी पाडली नाही; दर दिवाळीला त्या दस्त्याला तेल मात्र अजून मीच लावते.