दोनबोट्यांची पांढरी पट्टी

आमच्या पियानोवाल्याला सगळे ‘दोनबोटे’ म्हणायचे. पहिले सहा महिने मला ते आडनावच वाटत होतं. मी त्यांच्या बायकोला ‘दोनबोटेवहिनी’ अशी हाक मारली, तेव्हा ती बिचारी इतकी हसली की तिला बसायला खुर्ची द्यावी लागली.

नावाचं कारण साधं होतं. जॅझ वाजवताना त्यांची बोटं पियानोभर पळत. पण मधल्या भागातली एक ठरावीक पांढरी पट्टी आली, की ती एकटी ते कधीच दाबत नसत. तिच्या डाव्या अंगाची काळी पट्टीही घेत, किंचित आधी, निसटती. दोन सूर एकमेकांना घासून जात आणि मधूनच एक तिसराच सूर ऐकू येई, जरा उतरलेला, जरा रुसलेला. त्या सभागृहात मी एकोणीस वर्षं गायले, नाचले, नकला केल्या. पियानोवर कायम दोनबोटेच. लोक त्या एका सुरासाठी पुन्हा तिकीट काढत. एका वर्तमानपत्रवाल्याने त्यात ‘मानवजातीची व्यथा’ असल्याचं लिहिलं. दोनबोट्यांनी ते कात्रण घडी घालून पियानोच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं.

माणूस मोठ्या मनाचा. मी गाण्याची ओळ विसरले, की सुरुवातीचा तुकडा ते असा पुन्हा वाजवत, जणू तसंच ठरलं होतं. मला आठवेपर्यंत वाजवत राहत. एकदा चार वेळा वाजवला. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, आणि उठून वाकून पुन्हा खाली बसताना ते पुटपुटले, “बाईसाहेब, पाचव्यांदा मी स्वतःच गाणार होतो.”

पण त्या पट्टीविषयी विचारलं, की ताकास तूर लागू देत नसत.

“अहो, ते नेमकं तिथंच का करता?”

“बोट जाड आहे.”

“मग बाकी ठिकाणी बारीक होतं का?”

“बाकी ठिकाणी पोट आत घेतो.”

सभागृह बंद पडल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. तोवर त्यांची मुलगी दहाएक वर्षांची झाली होती, उशिरा झालेलं एकुलतं लेकरू. भिंतीला टेकून जुना उभा पियानो होता. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी आमचं शेवटचं गाणं वाजवलं. ती जागा आली, मी कान टवकारले. तोच रुसलेला सूर! पण यावेळी काळ्या पट्टीला त्यांनी शिवलंसुद्धा नाही. एकच बोट, एकच पट्टी.

“थापाड्या!” मी ओरडले. “आता सांगितल्याशिवाय मी इथून हलायची नाही.”

त्यांनी मुलीला पाणी आणायला पाठवलं आणि सांगितलं.

त्यांचे वडील क्लॅरिनेट वाजवत, आई पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात पियानो सुरात लावायचं काम करी, थोरली बहीण गाई. संध्याकाळी चौघांची मैफल ठरलेली. एकदा वडिलांनी क्लॅरिनेट शेगडीजवळ वाळत ठेवली आणि लाकूड तडकलं. कारागिराने धातूची कडी बसवली, सगळे सूर सरळ झाले, फक्त एक उतरलेलाच राहिला. पियानोबरोबर वाजवताना तो सूर आला, की वडील थांबत. तिसऱ्या दिवशी त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिली आणि पेटी माळ्यावर. चौथ्या दिवशी ते कामावर गेल्यावर आईने पाना घेतला आणि पियानोच्या तेवढ्या एका पट्टीचा सूर उतरवून ठेवला, क्लॅरिनेटच्या मापाचा. संध्याकाळी म्हणाली, “एकदा वाजवून तर बघा.” वडिलांनी वाजवलं. सूर जुळला. “वाजवून वाजवून सुधारली बघ,” असं ते मरेपर्यंत सांगत होते.

पोरांचे कान त्या पट्टीवरच तयार झाले. बहिणीला शाळेच्या गायनातून काढलं, तर ही घरी येऊन म्हणाली, “तिथं सगळे बेसूर आहेत.” दोनबोटे सोळाव्या वर्षी एका हॉटेलात लागले आणि पहिल्याच दिवशी पियानो बिघडल्याची तक्रार केली. ट्यूनर आला, तपासून गेला. मॅनेजर म्हणाला, “पियानो ठीक आहे. आता तुझा कान दाखवून घेऊ.” घरी येऊन त्यांनी आईला विचारलं, तेव्हा तिने दार लोटून खरं सांगितलं. “पण बाबांना बोलायचं नाही हं.” दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यांनी घरचा सूर शोधायला दोन पट्ट्या घासल्या. झालं, नाव पडलं. आईमागे दर वर्षी ती पट्टी ते स्वतः उतरवून ठेवत.

गेल्या महिन्यात दोनबोटे गेले; वहिनी आधीच गेल्या होत्या. आठवड्याभराने मुलीचा फोन आला.

“मावशी, सकाळी येशील? ट्यूनर येतोय.”

ती चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला चालली होती. लिफ्ट नाही. पियानो संगीतशाळा घेणार होती, पण पूर्ण सुरात असेल तरच, मुलं त्यावर शिकणार म्हणून. नाहीतर लाकूडवाला.

“आजीची पट्टी आहे ती,” ती दारातच म्हणाली; मोठी झाल्यावर वडिलांनी तिलाही सांगितलं होतं. “ती वर चढवली, की संपलं. बाबांचा सूर पुन्हा ऐकायला मिळायचा नाही.”

“आणि नाही चढवली तर?”

“तर पियानोच नाही.” तिने ट्यूनरकडे पाहून मान हलवली. “करा.”

त्या पट्टीच्या तीन तारा. एकेक तार चढत गेली आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. काम झालं. ट्यूनर पिशवी आवरू लागला. ती पियानोशी बसली आणि वडिलांकडून घरी शिकलेलं आमचं शेवटचं गाणं वाजवू लागली. ती जागा आली. सूर स्वच्छ, खणखणीत, अनोळखी. तिने हात उचलले.

“गेला, मावशी.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हिने वडिलांना फक्त या पियानोवर ऐकलं होतं, एका बोटाने. रात्रीच्या खेळांना हिला कधी आणलंच नाही, सभागृह हिने पाहिलंच नव्हतं.

“सरळ बस,” मी म्हटलं. “पुन्हा घे. आणि तिथं आली, की शेजारची काळीपण दाब. डावीकडची. जरा आधी, निसटती.”

पहिल्यांदा नुसता खडखडाट झाला. दुसऱ्यांदा उशीर. तिसऱ्यांदा तो आला, जरा उतरलेला, जरा रुसलेला.

ती माझ्याकडे वळली. “बाबा असं वाजवायचे?”

“बाहेर कायम असंच. उगाच नाव पडलं होय?”

तिने पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा. ट्यूनर दारातून मागे फिरला आणि पिशवीतून पाना काढू लागला.

“ताई, तिथं काहीतरी घासतंय. बघू का?”

“हात लावू नका!” आम्ही दोघी एकदमच ओरडलो.