ब्रिस्टलमधलं गाऱ्हाणं

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, गालातल्या गालात हसत वाचत आले. आता माझाच लिहायला बसलेय, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

मुळात मी गुरवाची मुलगी. कणकवलीजवळच्या आमच्या गावी देवाची पूजा आमच्याच घराण्याकडे. वडील देवाला कौल लावायचे. म्हणजे मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी कळी आधी पडली की होकार आणि डावी पडली की नकार. कळी किती ओली केली की किती वेळ टिकते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक! देवळाच्या मागच्या दाराशी वाढलेल्या पोरीची श्रद्धा कुठून टिकणार? पुढे फिजिक्स घेतलं, लग्न होऊन इंग्लंडला आले, इथल्या शाळेत सायन्स शिकवायला लागले. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जायचे.

ऐंशीच्या दशकात आम्ही ब्रिस्टलच्या ईस्टन भागात राहायचो. आमचे हे विमानाच्या कारखान्यात इंजिनीअर. भिंतीला भिंत लागलेली घरं, आणि शेजारच्या, रांगेतल्या शेवटच्या घरात कौन्सिलने एक व्हिएतनामी कुटुंब आणून ठेवलं. कुटुंब कसलं, दोनच बायका... म्हातारी सासू आणि तिची तरुण सून लान. सासूला सगळेच ‘बा’ म्हणायचे. त्यांच्यात बा म्हणजे आजी. ‘आमच्या गावात बा म्हणजे बाप!’ असं मी सांगितलं तेव्हा म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. लान मला ‘ची’ म्हणायची, म्हणजे ताई. आमचं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालायचं.

त्यांच्या पुढच्या खोलीत गॅस फायरच्या वर देव्हारा होता. उदबत्त्या, संत्री, गेलेल्या माणसांचे फोटो, आणि मधोमध बिस्किटांच्या डब्यात माती. ही कुणाची, विचारलं तर लान म्हणाली, “ङाय.” मला ऐकू आलं ‘गाय’! “अगंबाई, आम्हीपण पूजतो,” म्हणून मी हात जोडले, आणि कितीतरी दिवस तो डबा शेणाच्या राखेचा समजून चालले. मग एकदा लानने नीट उलगडून सांगितलं. ङाय म्हणजे आपल्याकडे ‘महाराज’ म्हणतो तसं. हजारएक वर्षांपूर्वी चिनी फौजेशी लढलेला त्यांचा वीर. नाव घ्यायचं नाही, मोठ्या माणसाचं नाव तोंडाने घेत नाहीत. बाच्या गावात टेकडीच्या पायथ्याशी त्याची समाधी आणि समोर देऊळ. तिथली झाडलोट, दिवाबत्ती पिढ्यान् पिढ्या बाच्या घराण्याकडे.

“म्हणजे तुम्ही गुरवच की!” मी म्हटलं. त्या दिवसापासून बा मला आपल्यातलीच समजायला लागली.

आता डब्याची गोष्ट. देश सोडायचं ठरलं तेव्हा बा हटून बसली. समाधीवरची माती घेतल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणाली. मग तिचा मुलगा मिन्ह, म्हणजे लानचा नवरा, परत गावाकडे गेला. किनाऱ्यावर येऊन त्याने डबा लानच्या हातात दिला, तोवर होडी भरली होती. तो म्हणाला, मी मागच्या होडीने येतो. पुढची होडी हाँगकाँगला पोचली. मागची कुठेच पोचली नाही.

तेव्हापासून दरवर्षी, महाराजांच्या पुण्यतिथीला, बा त्यांना एकच विचारायची... माझा मुलगा तुमच्यापाशी आलाय का? त्यांचा कौल नाण्यांचा. बशीत दोन नाणी टाकायची. एक छापा आणि एक काटा पडला तर होकार, दोन्ही सारखी पडली तर नाही. मी दोन-तीनदा समोर बसून पाहिलं. दरवेळी दोन्ही सारखीच! मी मनात प्रॉबॅबिलिटी मांडायचे आणि गप्प बसायचे. म्हातारी मात्र, महाराज ‘नाही’ म्हणाले, म्हणजे माझा मुलगा जिवंत आहे, म्हणून हरखून जायची आणि मिन्हचा फोटो पुन्हा टीव्हीवर ठेवायची. देव्हाऱ्यात ठेवायचा म्हणजे तो मेला.

या सगळ्यात लान वाळत चालली होती. शिलाईच्या कारखान्यात तिच्याबरोबर एक भला माणूस काम करायचा. दोनदा त्याने लग्नाचं विचारलं, आणि दोन्ही वेळा हिने नकाराची मान हलवली.

“ची, मी बायको की विधवा? बाने फोटो हलवल्याशिवाय मला कसं कळणार?” ती म्हणाली होती. मला इतका राग आला त्या नाण्यांचा! घरी येऊन मी ह्यांच्यावरच ओरडले.

“अगं, मी काय केलं?” हे म्हणाले.

“तुम्ही काही नाही केलंत. कुणीच काही करत नाही, तेच तर!”

नव्वदच्या सुमारास बाला स्ट्रोक आला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्या वर्षी पुण्यतिथी शनिवारी आली. दुपारी लानने मला जेवायला बोलावलं. भर दुपार, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. ताटं मांडली, उदबत्त्या लावल्या, आणि बाने डाव्या हाताने माझ्या तोंडाकडे बोट केलं.

“ती म्हणते, तू विचार,” लान म्हणाली. “प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो. तू देवळाच्या घरातली आहेस.”

“अगं, पण मला तुमची भाषा कुठे येते?”

“तुझ्या भाषेत विचार. ची, प्लीज... माझ्या तोंडाने मी कसं विचारू, की तो मेला का?”

माझ्या भाषेत देवाला काही विचारायचं तर मला एकच रीत माहीत... गाऱ्हाणं. गावात वडील देवासमोर उभे राहून गावाच्या वतीने खड्या आवाजात मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्याला जमलेले पुरुष ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण कानात पक्कं बसलेलं होतं. म्हातारीचं मन राखावं म्हणून मी हात जोडले.

“बा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हात जोडून उभी आसत. हेंचो झील जर खंय जिवंत आसात, तर तेका घराक हाड रे म्हाराजा...”

मी थांबले. गाऱ्हाण्यात तिथे थांबायचंच असतं. मुलगा जिवंत असेल तर घरी आण, असं मागितलं होतं; ‘व्हय’ म्हणायला कुणी नव्हतं.

“आणि तो जर तुझ्या पायाकडे इलो आसात, तर तेका तुझ्या सावलीत ठेव रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

मागून, स्वयंपाकघराच्या दाराशी. तरुण पुरुषाचा आवाज. शब्द स्पष्ट, फक्त शेवटचा ‘जा’ वर उचललेला, लान बोलताना उचलते तसा. बाचा डावा हात दाराकडे ताणला गेला. आणि लान... ती गर्रकन वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तो मी जन्मात विसरणार नाही. नवरा कामावरून घरी आल्यावर बायकोचा होतो तसा, साधा आनंद. दारात कुणी नव्हतं.

मीही दाराकडे निघाले होते. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडत नाहीत, हे वडिलांचं सांगणं कुठून तरी वर आलं. मी डोळे मिटले आणि लानसाठी मागितलं.

“आणि ह्या चेडवाची वाट आता मोकळी कर रे म्हाराजा...”

काहीच नाही. बाहेर कुणाची तरी मोटार गेली. मला वाटलं, संपलं. आणि मग, खूप वेळाने, अगदी हळू... “व्हय म्हाराजा.”

लान धावली. स्वयंपाकघर, मागचं अंगण, जिन्याखालचं कपाट सगळं उघडून पाहिलं. पुढचं दार उघडून रस्त्यावर त्याला हाका मारत सुटली. मी तिला धरून आत आणलं तेव्हा बाने मिन्हचा फोटो छातीशी धरला होता. तो तिनेच एका हाताने देव्हाऱ्यात ठेवला. नाणी टाकायची राहूनच गेली.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “भिंतीपलीकडचा आवाज असेल.” भिंतीपलीकडे आमचंच घर, आणि हे दिवसभर ओव्हरटाइमला! रेडिओ म्हणावा, तर मालवणीत कोण बोलणार? मला भास झाला म्हणावं, तर मालवणीचं अक्षर न कळणाऱ्या लानने तो आवाज नवऱ्याचा म्हणून कसा ओळखला? मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. 

बा त्याच हिवाळ्यात गेली. पुढे लान त्या भल्या माणसाशी लग्न करून लंडनला जायला निघाली. निरोप घेताना तिने प्रथमच विचारलं, “ची, त्या दिवशी तो काय म्हणाला?”

“दोन्ही वेळा ‘हो’ म्हणाला.”

“दुसऱ्यांदा तो हो म्हणाला, तेव्हा तू काय मागितलं होतंस?”

मी सांगितलं. तुझी वाट मोकळी व्हावी, एवढंच.

तिने माझा हात धरला. मग म्हणाली, “मनात नसलेल्या गोष्टीला हो म्हणायला तो नेहमी असाच वेळ लावायचा.”

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण मधला तो उशीर आठवला की मला रडू आवरत नाही.